हे माझं म्हणायचं नाही

वाशिमजवळच्या शिरपूरच्या एसटी स्टँडकडून जैन देवळाकडे निघालं की डाव्या हाताला फूलचंद यांचं भांड्यांचं दुकान लागतं. खाली दुकानात फूलचंद बसतात आणि गिऱ्हाइकापेक्षा जास्त बोलतात. वरच्या मजल्यावर त्यांच्या पत्नी पानाबाई असतात आणि त्या बोलण्यापेक्षा जास्त काम करतात. चव्वेचाळीस वर्षांचा संसार या एका वाटणीवर नीट चालला आहे. यात्रेकरूंना ठाऊक असतं ते दुकान. पण चातुर्मासासाठी साधू-साध्वी गावात यायचे झाले की समाजातल्या बायका दुकान ओलांडून सरळ जिना चढतात, कारण गहुली काढावी ती पानाबाईंनीच.

गहुली म्हणजे पाटावर तांदळाच्या दाण्यांनी काढलेली नक्षी. महाराजसाहेब, म्हणजे हे साधू-साध्वी, येतात तेव्हा तो पाट त्यांच्यापुढे मांडायचा. मधे स्वस्तिक, त्याच्यावर तीन ढिगल्या, वर चंद्रकोर, एवढं ठरलेलं. भोवतालची वेलबुट्टी ज्याच्या त्याच्या हाताची. कार्यक्रम आटोपला की तांदूळ गोळा करायचे आणि नक्षी गेली. पानाबाईंनी चिमटीतून दाणे सोडले की ओळ अशी पडते, की पाहणाऱ्यानं श्वाससुद्धा जपून घ्यावा. कोणी विचारलंच, "पानाबाई, तुमाले सुचते तरी कसं वो?" तर उत्तर ठरलेलं. "मले कायचं सुचते? जुनंच हाय. आपल्या मोठ्याइनं काढलेलं." बायका कौतुकानं माना डोलवत. एवढी कलाकार बाई आणि बघा, नावाला गर्व नाही.

गर्व होता हो. चांगला पाटभर होता. चोवीस वर्षांच्या असताना पानाबाई नुसत्या रागीट नव्हत्या, भडकू होत्या. त्या वर्षी महिला मंडळानं उपाश्रयात, म्हणजे साधू-साध्वी उतरतात त्या वास्तूत, गहुलीची स्पर्धा ठेवली. थोरल्या जावेनं पानाबाईंच्या वहीतली कमळांची नक्षी चोरून पाहून ठेवली, आपली म्हणून काढली आणि पहिलं बक्षीस घेतलं. पानाबाई तरातरा पुढे गेल्या, "हे माहं हाय!" म्हणून ओरडल्या आणि सगळ्यांच्या देखत पाटाला लाथ मारली. तांदूळ उपाश्रयभर झाले. समोर एक वयोवृद्ध साध्वीजी बसल्या होत्या. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी दोघी जावांना दाणा न् दाणा वेचायला लावला आणि वेचून झाल्यावर पानाबाईंना जवळ बोलावून विचारलं, "यापुढं गहुलीला 'हे माझं' म्हणायचं नाही. जमेल?"

लाजेनं अर्धमेल्या झालेल्या पानाबाईंनी हात जोडले. जन्मभराचा नियम घेतला. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली आणि एकदाही तो मोडला नाही. लोक उपास मोजतात, तीर्थयात्रा मोजतात. पानाबाईंच्या मनात आपल्या नावावर जमा असलेली पुण्याई म्हणजे ही एकच गोष्ट होती. बाकी संसारात काय होतं, भांडी आणि भांडणं.

नक्ष्या मात्र सुचत राहिल्या. त्या शाळेच्या चौकटीच्या वहीत पेन्सिलीनं काढून ठेवायच्या. शिकलेल्या जुन्याही त्याच वहीत, सगळ्या एकत्र. नाव नाही, तारीख नाही. अठ्ठावन्न पानं भरली.

ही वही दोन वर्षांपूर्वी सुनेच्या हाती लागली. सन्मती बी.कॉम. झालेली, उत्साही आणि जरा घाईची. तिनं एकेक पान टॅबवर उतरवलं, रेषा साफ केल्या आणि त्यांच्या अशा फायली बनवल्या, की कोणी त्या कागदावर छापाव्या, कोणी मशीनवर जाळी कापून घ्यावी आणि त्या जाळीतून तांदूळ टाकावे. परदेशातल्या जैन बायकांना गहुली येत नाही, त्यांना उपयोग होईल, हा तिचा हेतू. हेतूत खोट नव्हती. डिझाइनच्या फायली फुकट वाटून घेतात अशा एका वेबसाइटवर ती सगळं चढवत होती, तेव्हा वेबसाइटनं विचारलं, परवाना कोणता? खाली यादी होती. एकाचा अर्थ, वापरा पण नाव लावा. दुसऱ्याचा, वापरा पण विकू नका. तिसऱ्याचा, बदल करा, पण बदललेलंही असंच सगळ्यांना खुलं ठेवा. आणि शेवटी, हे सार्वजनिक आहे, यावर कोणाचाच हक्क नाही.

सन्मती टॅब घेऊन स्वयंपाकघरात गेली. "बाई, ह्या गहुल्या कोणाच्या म्हणून लिवू?"

पानाबाई पोळ्या लाटत होत्या. "कोणाच्या म्हंजे? जुन्या हायत."

"सगळ्याच?"

लाटणं क्षणभर थांबलं. "सगळ्या," पानाबाई म्हणाल्या आणि पोळी तव्यावर टाकली.

जुनं ते सगळ्यांचं, हे सन्मतीला बरोबर माहीत होतं. शंभर-दोनशे वर्षांच्या नक्षीवर कोण परवाना देणार? तिनं शेवटच्या पर्यायावर खूण केली. पुढचं वर्षभर कुठून कुठून फोटो येत राहिले. नैरोबीच्या एका बाईनं स्टीलच्या ताटात गहुली काढली होती. पानाबाई तो फोटो चष्मा लावून पाहायच्या, चष्मा काढायच्या, पुन्हा लावायच्या, आणि म्हणायच्या, "तांदूळ जाडा हाय."

मग या वैशाखात भाची जिनलचा साखरपुडा वाशिमला एका मंगल कार्यालयात होता. रिक्षातून उतरून पानाबाई पायऱ्या चढल्या आणि दारात थबकल्या. दारात नवंकोरं पायपुसणं टाकलं होतं. तपकिरी रंगाचं, त्यावर पांढरी नक्षी. मधलं स्वस्तिक काढून टाकून तिथे इंग्रजीत स्वागताचा शब्द घातला होता. पण भोवतालची वेल होती तशीच. डाव्या कोपऱ्यात वेल पाच पानांऐवजी तीनच पानं टाकून आत वळत होती. उपाश्रयातल्या जुन्या पाटाचा डावा कोपरा तुटला होता, म्हणून वेल तिथे वळवावी लागली होती. तो पाट मोडीत गेला त्याला वीस वर्षं झाली. जगात दुसऱ्या कोणाला वेल तिथे वळवायचं कारण नव्हतं.

मागून वऱ्हाडी येत होते. चपला, बूट, सँडल. प्रत्येक जण पाय घासत होता, तेही नीट, कारण बाहेर पाण्याचा टँकर सांडून चिखल झाला होता. पानाबाई पायपुसणं टाळून कडेकडेनं आत गेल्या.  हे आपल्याच हातून सुरू झालं, असं त्यांना जेवतानाही राहून राहून वाटत होतं. पहिली लाथ आपणच मारली होती, आता बाकीचे मारतायत.

घरी येईपर्यंत सन्मतीनं मोबाईलवर शोधलं होतं. एका कंपनीनं अठ्ठावन्नातल्या अकरा नक्ष्यांची पायपुसणी काढली होती, आणि एका नक्षीच्या तर चपलाही. चपलेच्या तळव्यावर, जिथे टाच टेकते तिथे कमळ. सन्मती रडकुंडीला आली. "बाई, माहीच चूक हाय. मी खूण केली."

तिनं कंपनीला लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: आम्ही हे सार्वजनिक संग्रहातून घेतलं आहे, आपल्या भावनांचा आदर आहे. म्हणजे पायपुसणं विकत राहणार आणि आदरही करत राहणार. मग तिनं वेबसाइटला लिहिलं. तिथून लांबलचक उत्तर आलं. ते तिनं तीनदा वाचलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी सासू-सासऱ्यांना समोर बसवून समजावलं.

"एकदा हक्क सोडला म्हंजे सोडला, मागं घेता येत नाही. पण सोडणाऱ्याचाच तो हक्क पायजे. माह्या नव्हत्या तर मले सोडताच येत नव्हत्या. बाई, ह्या खरंच जुन्या असल्या तर आता काही करता येत नाही. पायपुसणं करो, चपला करो. जुन्या नक्षीले मालक नसते. अन् कोणाच्या असल्या, तर त्या मानसानं वेबसाइटले अर्ज करून लिवून द्यावं लागते. ही माही, ही माही, असं एकेक."

तिनं सासूकडे पाहिलं. "त्या डाव्या कोपऱ्यातली वेल जुनी नाही ना बाई?"

उत्तर फूलचंदांनीच दिलं, कारण ते बोलणारच. "अरे, तिच्याच हायत सगळ्या! मी काय आंधळा हाय? बेचाळीस वर्ष झाले, पाहून राह्यलो. रात्रंदिवस वही घेऊन बसे."

"मंग तुमी काहून नाही बोलले, बाबूजी?"

"मले कोणी इचारलं?" फूलचंद म्हणाले, आणि या घरात पहिल्यांदाच ते खरं होतं.

तेव्हा पानाबाईंनी सुनेला नियमाची गोष्ट सांगितली. लाथेसकट सांगितली. सन्मती ऐकत राहिली आणि शेवटी हळूच म्हणाली, "त्याइनं तुमाले 'माहं म्हणू नका' म्हणलं होतं बाई. 'जुनं हाय' म्हणा, असं म्हणलं होतं का?"

नव्हतं म्हटलं. साध्वीजींनी गप्प राहायला सांगितलं होतं. पण लोक विचारतात आणि आपण गप्प बसलो की आखडू दिसतो. म्हणून पानाबाईंनी आपल्या सोयीनं एक उत्तर करून घेतलं होतं. नियम पाळायला रोज थोडं थोडं खोटं बोललं जात होतं, आणि तेच खोटं सुनेनं खरं मानून जगभर धाडलं. नियमाचा सांभाळ आपण केला आणि चपलेखाली गेल्या नक्ष्या.

पुढचे चार दिवस घरात कोणी धड जेवलं नाही. विचारायचं तरी कोणाला? नियम देणाऱ्या साध्वीजी कधीच काळधर्म पावल्या होत्या. चातुर्मासाला अवकाश होता, गावात कोणी महाराजसाहेब नव्हते, आणि जे कुठे पायी विहारात होते ते फोनवर बोलत नाहीत. फूलचंदांनी तोडगा काढला. "कागदावर सही करायची. तोंडानं म्हणायचं नाही. नियम म्हणण्याचा हाय, सहीचा थोडीच हाय!" भांड्याच्या दुकानात वजन कसं करतात हे ज्याला माहीत आहे, त्यालाच असा तोडगा सुचतो. पानाबाईंनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की ते खाली दुकानात निघून गेले.

त्यातच रिठद गावाहून रूपाचा फोन आला. रूपा सन्मतीच्या फायलींवरून प्लास्टिकच्या जाळ्या कापून घ्यायची आणि पर्युषणात बायकांना विकायची. तिच्या कानावर गेलं होतं. "सन्मतीताई, तुमी सगळं बंद करून राह्यल्या म्हणते. मंग माहं कसं?" सन्मती म्हणाली, पुन्हा चढवताना 'विकू नका' असा परवाना लावू, आणि तुला वेगळं लिहून देऊ. पण लिहून देणार कोण? ज्याची नक्षी तोच देऊ शकतो. म्हणजे तिथेही पुन्हा तेच, कोणीतरी 'माझं' म्हणायला हवं.

"अन् इकू नका म्हणलं तरी कोणी घरी पायपुसणं केलं तं?" पानाबाईंनी विचारलं.

"ते नाही थांबवता येत बाई. कागद तेवढाच करते."

"नाव लावाच लागते?"

"नाही. नाव नका देऊ, चालते. पण ह्या अर्जावर पायजे."

पानाबाईंना गहुल्या कुलपात ठेवायच्या नव्हत्या. शेजारणीला विरजण देताना आपण अटी घालतो का? पण विरजण पायावर ओतायला नेलेलं दिसलं, तर हात आखडतोच. पाचव्या दिवशी सामायिक, म्हणजे रोजचं घडीभराचं ध्यान, करून त्या उठल्या आणि सुनेला म्हणाल्या, "आन वही."

पहिल्यांदा त्यांनीही पळवाटच काढली. सन्मतीनं छापून आणलेले अठ्ठावन्न कागद सतरंजीवर पसरले होते. पानाबाई काही न बोलता दोन गठ्ठे करायला लागल्या. उजवीकडे जुने, डावीकडे दुसरे. सन्मतीनं त्यांचा हात धरला.

"असं नाही बाई. मागच्या वेळेस मी तुमचा शब्द धरला अन् अशी फसली. आता साफ सांगा. ही कोणाची? कवा काढली?"

पानाबाईंनी डोळे मिटले. ओठ पुटपुटले, बहुधा मिच्छामि दुक्कडम् म्हणून क्षमा मागितली. मग डोळे न उघडताच म्हणाल्या, "माही."

आभाळ कोसळलं नाही. खाली फूलचंद कोणाला तरी कुकर दाखवत होते. सन्मतीनं टॅबवर मोजणीचा पहिला आकडा टाकला आणि दुसरा कागद पुढे केला. साधा नंद्यावर्त, स्वस्तिकाचे हात आत आत वळवलेला. "हा जुना. जुन्याहून जुना." तो उजवीकडे गेला. कंपनीनं त्याचंही पायपुसणं केलं होतं, आणि ते आता तसंच राहणार होतं. पानाबाईंनी त्या कागदाला हात जोडले. तिसरा कागद. "माही. करन झाला त्या वर्षी काढली." करण म्हणजे सन्मतीचा नवरा. चौथा. "ही बी माही. नळ नव्हता आला तवा, पाण्याच्या रांगीत बसून जुळवली मनातल्या मनात."

पहिले आठ-दहा शब्द दगडासारखे निघाले. नंतर सोपं व्हायला लागलं. कोणत्या नक्षीत मोर उलटा का आहे, कोणती अर्धी असताना सासरे गेले, कोणती पाहून बाहेरगावच्या एका साध्वीजी तिथून उठल्याच नाहीत. सन्मती लिहायचं सोडून ऐकत बसली. पानाबाई ताठ बसल्या होत्या. गाल तांबडे झाले होते. कागद पुढे यायच्या आधीच त्या मान लांब करून पाहत आणि म्हणत, "माही. ते बी माही." आवाज चढला होता. फूलचंद जिन्यात येऊन उभे राहिले आणि चक्क गप्प राहिले. बायको अशी त्यांनी लग्नाच्या नव्या दिवसांत पाहिली होती.

शेवटून दुसरा कागद आला. आठ पाकळ्यांचं फूल, प्रत्येक पाकळीत एक दिवा.

"माही," पानाबाई म्हणाल्या.

"अडतीस," सन्मतीनं लिहिलं. "काय सुरेख हाय बाई ही! हे कसं सुचलं?"

पानाबाई बोलायला गेल्या आणि थांबल्या. चेहऱ्यावरची लाली खर्रकन उतरली. त्यांनी तो कागद उचलला, जवळ धरला, सतरंजीवर ठेवला.

"काट ते."

"काय झालं?"

"माही नाही ही. माह्या मायनं शिकवली. तिले तिच्या सासूनं. कोणाची हाय देव जाने."

"असू द्या ना बाई. गडबडीत होते. इसरल्या तुमी."

"इसरली नाही मी," पानाबाई म्हणाल्या. "मले माहीत होतं. म्हणतानी माहीत होतं, अन् तरी म्हणलं."

सन्मतीनं अडतीस खोडून सदतीस केले. शेवटचा कागद जुनाच होता. त्याबद्दल काही विचारावं लागलं नाही. अर्जाच्या खाली पानाबाईंनी सही केली, सावकाश, शाळेतल्या मुलीसारखी एकेक अक्षर जोडून. दोन-चार दिवसांत त्या सदतीस नक्ष्या वेबसाइटवरून उतरणार होत्या आणि तो अर्ज दाखवला की कंपनीची पायपुसणीही हळूहळू थांबणार होती. सन्मतीचा जीव भांड्यात पडला होता. तिनं सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"झालं बाई. नियम मोडला म्हणून वाईट नका वाटून घेऊ."

"मोडला म्हणून नाही रडून राह्यली मी," पानाबाई म्हणाल्या. आपण रडतोय हे त्यांनाही तेव्हाच समजलं. "मले गोड लागलं ते, सन्मती. इतकं गोड लागलं का मी मायचं बी घेतलं. मले वाटे, बेचाळीस वर्षात ते 'माहं' मेलं असन. मी तं नुसतं तोंड दाबून बसली होती त्याचं."

जिन्यातून फूलचंद वर आले. त्यांनी सतरंजीवरचे कागद गोळा करायला घेतले, आणि कोणता गठ्ठा कोणता हे न समजल्यानं दोन्ही एकत्र केले.